जमीन नव्हती, वतन नव्हतं. तरी पणजोबा सापडतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचे आजोबा १९७२ च्या दुष्काळात इंदापूर तालुक्यातून पुण्याला आले आणि हडपसरला राहिले. गावाकडे ते दुसऱ्याच्या रानात कामाला जायचे. पुढे गावही उजनीच्या पाण्यात गेलं. पणजोबांचं नाव तेवढं माहीत आहे, त्यापलीकडे काही नाही. घरात जुना कागद एकही नाही. सरदार-इनामदारांचे इतिहास मिळतात, पण आमच्यासारख्यांच्या घराण्याचा माग लागतो का? लागत असेल तर सुरुवात कुठून करू?"

माग लागतो. गेली सत्तावीस वर्षं मी पुण्यात जुन्या कागदांची मोडी लिपी वाचते आणि लोकांच्या वंशावळी लावून देते. हाच प्रश्न मला हमालाच्या मुलीने विचारलाय, न्हाव्याच्या नातवाने विचारलाय, बांधकामावरच्या मुकादमाने विचारलाय. त्यांच्यासोबत काम करून मला एक गोष्ट पक्की कळली. साध्या माणसाचा कागद त्याच्या स्वतःच्या घरात नसतो, तो दुसऱ्याच्या दप्तरात असतो. ज्याचं रान कसलं त्याच्या उताऱ्यावर, ज्याचं कर्ज काढलं त्याच्या कर्जखतावर, ज्या मास्तराने पोराचं नाव शाळेत घातलं त्याच्या रजिस्टरात, ज्या कोतवालाने घरातलं मयत चावडीवर कळवलं त्याच्या बुकात. म्हणून "आमच्या घराण्याचे कागद कुठे आहेत" असं विचारत फिरलात तर हाती काही लागत नाही. "आमच्या माणसांचा कुणाकुणाशी संबंध आला" असं विचारलं की दारं उघडायला लागतात.

कचेरीच्या आधी माणसांकडे जा. भावकीत सत्तरीच्या पुढचं कोण कोण आहे, त्यांची यादी आज रात्रीच करा. आत्या आणि चुलत आज्यांना आधी भेटा. पुरुषांना जमिनीचे वाद आठवतात, बायकांना बाळंतपणं, लग्नं आणि मरणं आठवतात, आणि वंशावळ यांवरच उभी राहते. त्यांना साल विचारू नका. "आजी, तुझं लग्न कितव्या साली झालं?" याला उत्तर मिळत नाही. "तुझ्या लग्नाच्या वेळी गांधींना मारलं होतं का? पानशेत फुटलं तेव्हा थोरला केवढा होता, चालत होता की पाळण्यात? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू माहेरी होतीस का?" असं विचारा. पानशेत १२ जुलै १९६१, कोयना ११ डिसेंबर १९६७. अशी दोन-तीन टोकं धरली की मधली सालं बसवता येतात. त्याच्याही मागचं विचारायचं असेल तर "तुझी सासू मानमोडीचं काही सांगायची का?" असं विचारा. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे मानमोडी म्हणत, आणि त्या साथीत दगावलेल्यांची आठवण पुष्कळ घरांत अजून शिल्लक आहे.

मग सुतकाचं विचारा. मी हा प्रश्न कधीच सोडत नाही. "आपण कुणाकुणाचं दहा दिवसांचं सुतक धरतो? कुणाचं तीन दिवसांचं?" दहा दिवस धरतात ती तुमची भावकी. मधला पूर्वज कोण होता हे सगळे विसरलेले असतात, पण सुतक चालू असतं. इंदापूरच्या चार वाड्यांवरची चार घरं एकमेकांचं दहा दिवस धरत असतील, तर ती कधीतरी एका चुलीवर जेवलेली आहेत. तसंच म्हाळाचं. पितृपक्षात तुमच्याकडे कोणत्या तिथीला पान वाढतात? बहुतेक घरांत ती तिथी कुणाच्या तरी मृत्यूची असते. "आमच्यात पंचमीलाच असतं" एवढंच आजी सांगते, पण पुढे मृत्यूची नोंद हाती आली की तीच पंचमी पडताळ्याला उपयोगी पडते.

नावंही ऐकून सोडून देऊ नका. घरात कुणी धोंडू, दगडू, भिकू, कचरू असेल तर थांबा. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून काळाची दृष्ट लागू नये, यासाठी अशी नावं ठेवत. दगडू सापडला तर त्याच्या आधीची दोन-तीन बाळं मृत्यूच्या नोंदींत शोधा. बहुतेकदा सापडतात. मुलीचं नाव नकुसा असेल तर तिच्या आधी बहिणींची रांग असणार. आणखी एक लक्षात ठेवा: थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायची रीत असल्याने एकाआड एक पिढीत तेच नाव फिरून येतं. सखाराम धोंडी, धोंडी सखाराम, पुन्हा सखाराम धोंडी. यात पिढ्या एकमेकींत मिसळायला वेळ लागत नाही.

घरात एकही कागद नाही म्हणता. मी तुमची भांडी पाहायला मागेन. हडपसरच्याच एका घरात मला असंच सांगितलं होतं. माळ्यावरून पोत्यात बांधलेली पितळी भांडी खाली काढली, चिंचेने घासली, आणि एका तांब्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली: "सौ. हिराबाई हिस मामाकडून, मु. पाबळ". घरात कुणालाही पाबळ माहीत नव्हतं. हिराबाई ही पणजी, हे माहीत होतं. मामा पाबळचा, म्हणजे पणजीच्या आईचं माहेर शिरूर तालुक्यातलं. एका तांब्याने त्या घराला बाईच्या बाजूने एक पिढी आणि एक गाव दिलं. कासारआळीत, तांबट आळीत, तालुक्याच्या बाजारात भांडं घेतलं की नाव घालून देत. लग्न, डोहाळजेवण, कधी नुसतीच दिवाळी. बोटाने चाचपा, तिरप्या उजेडात धरा, फोटो काढा. मोडीत घालू नका. दर वर्षी किती नावं भट्टीत वितळत असतील या विचाराने मला झोप लागत नाही.

तिसरी जागा भावकीतच आहे आणि तिथे कष्ट सगळ्यात कमी. चुलत घरातल्या कुणी ना कुणी शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा निवडणुकीसाठी जात पडताळणी केलेली असते. त्या फाइलमध्ये वंशावळीचं शपथपत्र आणि जुन्या नोंदींच्या नकला जोडलेल्या असतात. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. त्यामुळे अर्जदाराने आजोबा-पणजोबांपर्यंतची कागदपत्रं आधीच खणून काढलेली असतात. त्या चुलतभावाला फोन करा, पूर्ण फाइलचा फोटो मागा. मात्र ती वंशावळ जशीच्या तशी उचलू नका. अर्जाला लागतील तेवढीच नावं त्यात असतात. बहिणी, दुसरी बायको, निपुत्रिक चुलता बहुधा गाळलेले असतात.

आता कचेरीकडे. तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं दप्तर म्हणजे कोतवाल बुक, म्हणजेच गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची गावनिहाय नोंदवही. जमीन असो-नसो, जन्माला आला आणि मेला त्याचं नाव इथे यावं अशी अपेक्षा होती. जुनी बुकं तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. गाव उजनीत गेलं म्हणून धीर सोडू नका. पाण्याखाली गेलं ते गावठाण, तालुक्याला जमा झालेलं दप्तर नाही. अर्ज करताना नुसतं "आमच्या घराण्याच्या नोंदी द्या" असं लिहिलंत तर तो पडून राहील. मौजे अमुक, तालुका इंदापूर, गाव नमुना १४, सन अमुक ते अमुक, पाहणी आणि नक्कल, असं नेमकं लिहा. शक्य असेल तर स्वतः बसून पाहण्याची परवानगी मागा. कारकुनाने "नोंद नाही" म्हणण्यात दुष्टावा नसतो, त्याला तुमच्या माणसांची नावं ओळखू येत नाहीत एवढंच.

बुक उघडल्यावर लोक एक चूक हमखास करतात. आजोबांचा जन्म आजोबांच्या नावाने शोधतात. जन्माची नोंद बारशाच्या आधी व्हायची, त्यामुळे बाळाच्या रकान्यात बऱ्याचदा नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी" असतं. शोधायचं ते बापाचं नाव. पाच-सहा वर्षांच्या पट्ट्यात पणजोबांच्या नावासमोरची सगळी मुलं उतरवून घ्या, मग त्यातला आजोबा कोणता ते ठरवा. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण असतं: ताप, पटकी (कॉलरा), देवी, बाळंतरोग, गाठीचा ताप. गाठीचा ताप म्हणजे प्लेग. १९१८ च्या पावसाळ्यानंतरची पानं मी कित्येक गावांची पाहिलीत. एरवी महिन्याला चार-पाच ओळी असतात, तिथे पानामागून पान "ताप, ताप, ताप". एका पानावर नवरा, चार दिवसांनी बायको, आणखी दोन दिवसांनी "मुलगी, वय १". हात थांबतो. त्या घरातला एखादा पोर मामाकडे गेलेला म्हणून वाचलेला असतो, आणि समोर नक्कल घ्यायला आलेला माणूस त्याच पोराचा पणतू असतो.

शाळेचं जनरल रजिस्टर हे दुसरं. आजोबा शाळेत गेले नसतील, पण त्यांचा धाकटा भाऊ दोन वर्षं गेला असेल. त्याच्या ओळीतही बापाचं नाव, जात आणि राहण्याचं गाव असतं. जन्मतारीख १ जून दिसली तर ती खरी धरू नका. आईबापांना तारीख सांगता आली नाही की मास्तर शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने १ जून टाकत. अख्खी पिढी त्यामुळे कागदावर एकाच दिवशी जन्मली आहे. साल मात्र वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे धरून चालतं.

जमीन नव्हती, म्हणून सातबारा आपल्या कामाचा नाही असं तुम्हाला वाटत असेल. उलट आहे. तुमचे पणजोबा ज्याच्या रानात राबत होते त्याचा १९५० च्या आसपासचा हस्तलिखित उतारा काढा. मालकाचं नाव वाचून खाली जा, 'इतर हक्क' या रकान्यात या, कुळाचं नाव पाहा, बारा नंबरच्या भागात प्रत्यक्ष कसणाऱ्याचं नाव पाहा. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसेल त्याची जमीन झाली, आणि त्या दरम्यान कोण कसत होतं याची लेखी चौकशी गावोगाव झाली. ज्यांना जमीन मिळाली नाही त्यांचेही जबाब त्या प्रकरणांत आहेत. मी पाहिलेल्या एका जबाबात म्हातारा सांगतो की माझा बाप याच रानात सालगडी होता आणि बांधावरची चिंच त्याने लावली. त्या घरातल्या माणसांना पूर्वजाचं बोलणं असं पहिल्यांदाच ऐकायला मिळालं.

जुन्या उताऱ्यांवरची काही अक्षरं समजून घ्या, नाहीतर नातं उलटं लागतं. "अ. पा. क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता: मूल लहान आहे, पुढचं नाव सांभाळणाऱ्याचं. तो बाप असेलच असं नाही, बऱ्याचदा आई, चुलता किंवा मामा असतो. "ए. कु. मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर: नाव एकाचं असलं तरी मागे सगळे भाऊ उभे आहेत. "बिन" किंवा "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" म्हणजे अमक्याची बायको. फेरफार म्हणजे गाव नमुना ६, आणि त्यातली वारसाची नोंद तर छोटी वंशावळच: अमुक खातेदार अमुक तारखेस मयत, वारस मुलगे इतके, मुली इतक्या, बायको अमुक. हे बरंच साहित्य स्कॅन होऊन महाराष्ट्र शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर आलंय; जिल्हा, तालुका, गाव निवडून घरबसल्या शोधता येतं. फक्त जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट नंबर वेगळे, हे विसरू नका. विखुरलेले तुकडे एकत्र करण्याच्या एकत्रीकरण योजनेत नंबर बदलले. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालणारं पत्रक भूमी अभिलेख कार्यालयात मागा.

तुमच्या तालुक्याबद्दल एक गोष्ट सांगते, कारण ती तुमची आहे. ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यातली शेतनिहाय मोजणी आणि आकारणीची पद्धत १८३६ साली इंदापूर तालुक्यातच सुरू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट हे अधिकारी त्यामागे होते. आज राज्यभर ज्याला आपण सर्व्हे नंबर म्हणतो, त्याची साखळी तुमच्या पूर्वजांच्या गावाशेजारून फिरली आहे. पुढे १२ मे १८७५ ला शेजारच्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं काढून जाळली. मग १८७९ च्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याच्या कर्जखताची नोंद गावनिबंधकासमोर व्हायला लागली. त्यामुळे ज्या माणसाकडे गहाण टाकायला बैलाशिवाय काही नव्हतं, त्याचंही नाव बापाच्या नावासह कागदावर आलं. ही खतं आता मिळतात ती बहुधा सावकारांच्या वारसांकडे. गावच्या जुन्या पेढीवाल्याच्या घरी जाऊन नम्रपणे विचारा. पिढ्यांपूर्वीचा हिशेब मागायला आला नाहीत एवढं त्यांना कळलं की बहुतेक लोक पेटी उघडतात.

उजनीने तुमचं गाव घेतलं, पण जाताना एक मोठा कागद मागे ठेवला. धरणासाठी भूसंपादन झालं तेव्हा निवाडे झाले. त्यांत जमिनींबरोबर घरं, विहिरी, झाडं यांची मोजणी होऊन कुणाला किती मोबदला ते लिहिलं गेलं. जमीन नसलेल्याचंही दोन खणांचं घर असतंच. पुनर्वसन आणि भूसंपादनाच्या कार्यालयांत गावाच्या नावाने निवाड्याची प्रत मागा. तुमच्या आजोबांच्या भावाचं घर कुणाच्या शेजारी होतं हेही त्यावरून कळेल. नव्या गावठाणात भावकी कुठे वसली ते शोधा आणि एकदा उन्हाळ्यात तिकडे जा. पाणी उतरतं तेव्हा पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, माणसं बघायला जमतात, आणि म्हातारी माणसं बोटाने दाखवतात: इथे चावडी, इथे आपली आळी. त्या वेळी फोनवर रेकॉर्डिंग चालू असू द्या.

तीर्थक्षेत्रांच्या वह्यांबद्दल सगळेच विचारतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, आणि दूरचं म्हणाल तर काशी-गया. उपाध्यायाला गाव आणि आडनाव सांगायचं, तो त्या गावाची वही काढतो. घरातलं कुणी अस्थी घेऊन नाशिकला गेलं असेल तर त्याचं, त्याच्या बापाचं, भावांचं नाव तिथे असू शकतं. पण आधी घरात विचारून घ्या की कोण कुठे गेलं होतं. अंदाजाने चार क्षेत्रं फिरण्यात पैसे आणि उमेद दोन्ही जातात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी येतात, पिढ्यान् पिढ्यांची वंशावळ वाचून दाखवतात. तुमच्या भावकीत कुणाकडे येत असतील तर पुढच्या खेपेला हजर राहा.

मोडीची पाळी कधी येते? तुमच्या बाबतीत साधारण १९२० च्या मागे गेलात की. बोरूने एका दमात लिहिलेली, शब्द न तोडणारी, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न पाळणारी लिपी आहे ती. घाबरू नका. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात, आणि रोज अर्धा तास दिलात तर चार-सहा महिन्यांत नावं आणि तारखा वाचता येतात. तुम्हाला तेवढंच हवंय. पूर्ण वाचनासाठी जाणकार मिळतो, पण आपल्या पूर्वजाचं नाव आपण स्वतः ओळखण्यात जे आहे ते पैसे देऊन मिळत नाही.

कालगणना मात्र नीट शिका, कारण इथे भले भले घसरतात. शके असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांना ७९. सारावसुलीचं फसली साल असेल तर ५९०. फसली १२६५ म्हणजे १८५५-५६, आणि हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत येतो: "सलास समानीन मया व अलफ". सलास तीन, समानीन ऐंशी, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११८३. त्यात ५९९ मिळवले की १७८२, म्हणजे जून १७८२ ते जून १७८३. वर्ष जूनमध्ये बदलतं हे विसरलात तर बापाच्या आधी मुलगा जन्मतो. भावकीतली एखादी शाखा मराठवाड्यात गेली असेल तर तिथले निजामकाळातले कागद उर्दूत मिळतील, त्यासाठी वेगळा वाचक लागेल.

कौन्सिल हॉलजवळच्या पुणे पुरालेखागारात पेशवे दप्तर आहे, हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. तिथे जाऊ का, असं तुम्ही विचारणारच. आत्ता नको. आडनाव घेऊन तिथे जाणारा माणूस रिकामा परततो, कारण तिथले कागद आडनावाने लावलेले नाहीत. प्रांत, परगणा, गाव आणि साल घेऊन जावं लागतं. मागून पुढे नाही, पुढून मागे जायचं, एकेक पिढी पक्की करत. तुम्ही १८७० च्या आसपास पोचलात आणि गाव तेच राहिलं असेल, तर मग गावच्या लावणीपत्रकांत, कुळझाड्यांत (कोण कोणती जमीन कसतो आणि किती सारा देतो त्याच्या याद्या), बलुत्यांच्या याद्यांत पाहण्यात अर्थ आहे. तिथे तुमचाच माणूस सापडेल असं वचन मी देत नाही. पण तुमच्या गावात तेव्हा किती नांगर चालत आणि महारांना, चांभारांना, कुंभारांना किती बलुतं मिळे हे कळतं.

आडनाव जुळलं म्हणून नातं जोडू नका, हे कळकळीने सांगते. शिंदे, पवार, जाधव, गायकवाड ही आडनावं कित्येक जातींत आहेत. जुन्या नोंदींत तर आडनाव पुष्कळदा नसतंच, नुसतं नाव आणि बापाचं नाव. कुणीतरी पैसे घेऊन तुमची वंशावळ एखाद्या सरदार घराण्याला जोडून देईल. तेव्हा तुमचा खरा पणजोबा, ज्याने दुष्काळात पोरं जगवली, त्याला तुम्ही स्वतःच्या हाताने पुसून टाकता.

माझ्या स्वतःच्या घराच्या वंशावळीत मी दोन वर्षं चुकीच्या माणसामागे गेले होते. पणजोबांचं नाव बाळा, बापाचं राघू. "बाळा बिन राघू" सापडला, गाव तेच, वय जुळत होतं. मी त्याच्या मागच्या तीन पिढ्या लावल्या, नातेवाइकांना वाटल्याही. मग एका फेरफारात त्याच्या बायकोचं नाव आलं, आणि ते आमच्या पणजीचं नव्हतं. त्याच गावात, त्याच भावकीत, त्याच नावाचे दोघे चुलतभाऊ होते. आमचा बाळा दुसऱ्या पानावर होता, मी ज्याला ओलांडून गेले तो. वाटलेल्या प्रती परत मागताना फार वाईट वाटलं. तेव्हापासून माझा नियम आहे: नाव आणि बापाचं नाव जुळल्यावरही आणखी दोन गोष्टी जुळल्याशिवाय पिढी पक्की लिहायची नाही. बायकोचं नाव, भावाचं नाव, सर्व्हे नंबर, म्हाळाची तिथी, काहीही दोन. तोवर पेन्सिलीने.

बायकांची नावं पहिल्या दिवसापासून लिहा. वंशावळ म्हणून जे तक्ते भिंतीवर लागतात त्यांत बाप-मुलगा-नातू एवढंच असतं. माहेरचं गाव, माहेरचं नाव, लग्नात बदललेलं नाव, हे तीन रकाने प्रत्येक बाईसमोर ठेवा. नोंदींत "पाटाची बायको" असं येईल. म्हणजे बाईचं हे दुसरं लग्न, विधवा किंवा सोडलेली असेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते वाचून अवघडल्यासारखं होतं. त्यांच्यासमोर ते मोठ्याने वाचू नका, पण खोडूही नका. जातीचे अपमानकारक शब्दही दिसतील, ते त्या वेळच्या कारकुनाने लिहिलेत. नक्कल करताना जसेच्या तसे उतरवा आणि समासात आपल्या शब्दांत आपलं म्हणणं लिहा.

आईच्या बाजूच्या घराण्यांसाठी जात्यावरच्या ओव्या ऐका. एखादी आजी भावाच्या ओवीत गावाचं नाव, नदीचं नाव, भावाचं नाव घालते. गी पॉइतेव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून गावोगावच्या बायकांकडून अशा लाखावर ओव्या जमवल्या. तुमच्या आजीच्या ओठावरच्या दहा ओव्याही तशाच जपून ठेवा.

तुमच्या कामाचा क्रम मी असा लावेन. येत्या रविवारी भांडी आणि आत्या. त्या आठवड्यात चुलतभावाची पडताळणीची फाइल. महिनाभरात इंदापूरला अर्ज, नमुना १४ साठी, आजोबांच्या अंदाजे जन्मसालाच्या आधीची पाच आणि नंतरची पाच वर्षं. नक्कल मिळेल तेव्हा तुमच्या घरची ओळ तेवढीच घेऊन परत येऊ नका. तिच्या वरच्या आणि खालच्या दहा-दहा ओळीही उतरवून घ्या. कोतवाल आळीआळीने फिरायचा, त्यामुळे एका दिवशी लागोपाठ लिहिलेली माणसं बहुधा एकमेकांच्या दारातली असतात. आज ज्यांची नावं तुम्हाला परकी वाटतील, त्यांतल्या एखाद्याचं सुतक तुमच्या घरात अजून धरत असतील.